कार्डावरची मोकळी जागा

माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक पहिला प्रश्न एकच विचारतं, सगळ्यात मोठं कोणतं? आपला फोन कोणता, त्याला किती क्षमतेचं मेमरी कार्ड चालतं, त्यात आपण ठेवणार काय, यातलं काही त्याला ठाऊक नसतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मी दिवसातून वीसदा वेगवेगळ्या शब्दांत सांगतो. नखाएवढं कार्ड फोनला आणि टॅबलेटला, टपाल तिकिटाएवढं कॅमेऱ्याला. फोनवर ॲप चालवायची असतील तर कार्डावरची एक खूण बघायची, व्हिडिओ काढायचे असतील तर दुसरी, आणि जागा गरजेपुरती घ्यायची. लोक मान डोलावतात आणि सगळ्यात मोठं घेऊन जातात. वर्षभरानं कधी फोन दाखवायला आले, तर एकशे अठ्ठावीस जीबीच्या कार्डात चाळीस फोटो असतात आणि बाकी सगळी जागा मोकळी.

माझं दुकान रस्त्याखालच्या भुयारी मार्गात आहे. दुकान म्हणजे एक काउंटर, मागे दोन फळ्या, एक संगणक आणि एक खुर्ची. एका बाजूला किल्ल्या करून देणारा, दुसऱ्या बाजूला चष्मेवाला. ट्यूबलाइट दिवसभर जळते. वरून बस गेली की फळीवरची पाकिटं किंचित थरथरतात. नऊ वर्षं झाली. किल्लीवाला म्हणतो, आपल्याला आता इथे मुळं फुटतील.

दुकान उघडल्यावर पहिल्याच महिन्यात मी खोट्या कार्डांचा एक लॉट घेऊन बसलो होतो. वर चौसष्ट लिहिलेलं, आत जागा आठचीच. असलं कार्ड कुरकुर करत नाही. जागा संपली की नवीन येईल ते गुपचूप जुन्यावर लिहीत सुटतं. एका माणसाच्या आईचे शेवटचे फोटो त्यात गेले. तो भांडला नाही, नुसता काउंटरसमोर उभा राहिला, आणि तेच मला जास्त लागलं. तेव्हापासून कानाला खडा. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं मी प्रत्येक कार्ड विकण्याआधी काठोकाठ भरून बघतो. एक मोठी फाइल घ्यायची, कार्ड भरेपर्यंत तीच पुन्हा पुन्हा लिहायची, मग सगळं परत वाचून मूळ फाइलशी ताडून बघायचं. जुळलं तर कार्ड खरं. न भरता, न तपासता माझ्या हातून एकही कार्ड गेलं नव्हतं, आणि या गोष्टीचा मला थोडा माजही होता.

ती फाइल म्हणजे माझाच एक व्हिडिओ. दुकान उघडलं त्या दिवशी बायकोनं कॅमेरा काउंटरवर ठेवून सुरू केला आणि ती तपासणीसाठी दवाखान्यात गेली. तिला आठवा महिना होता. अकरा मिनिटांनी कॅमेरा आपोआप बंद पडला. त्या अकरा मिनिटांत मी निळ्या चौकड्यांचा शर्ट घालून खुर्चीत बसलोय, पहिल्या गिऱ्हाइकाची वाट बघत. गिऱ्हाईक काही येत नाही, पण माझा चेहरा बघावा तर लॉटरी लागल्यासारखा. दीड जीबीची फाइल. चाचणीला अगदी सोयीची.

एक गोष्ट मात्र मी चुकीची करत होतो आणि ती चूक आहे हे मला माहीत होतं. चाचणी झाली की कार्ड पुसून पूर्ण कोरं करायला हवं. त्याला तास-दीड तास लागतो. मी झटपट फॉरमॅट मारायचो, दोन सेकंदांत मोकळा. त्यानं पुसलं काहीच जात नाही, फक्त यादी फाडली जाते. माल गोदामात तसाच पडून राहतो, त्या जागेवर नवा माल येईपर्यंत. धंद्यातले सगळे असंच करतात, असं मी स्वतःला सांगायचो.

गेली काही वर्षं मी दमलेला होतो. माणूस काम करून दमतो तसं नव्हे. सकाळी उठताना पोटऱ्यांत गोळे, कंबर धरलेली, तळहातांना घट्टे. दिवसभर खुर्चीत बसून नखाएवढ्या वस्तू इकडच्या तिकडे करणाऱ्याला घट्टे कसले पडतात? डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा आलेख काढला, जीभ बाहेर काढायला लावली. सगळं उत्तम. बायको म्हणाली, नऊ-नऊ तास झोपतोस आणि उठतोस ते ओझी वाहून आल्यासारखा. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग वर्षापूर्वीच संपला होता.

खरी झळ लेकीला लागत होती. सातव्या वाढदिवसाला तिला सायकल आणली आणि मी शिकवतो म्हणालो. त्याला दोन वर्षं झाली. रोज संध्याकाळी ती दारात सायकल धरून उभी राहायची, मी यायचो, तिच्या डोक्यावर हात ठेवायचो आणि आत जाऊन आडवा व्हायचो. उद्या, म्हणायचो. पुढे तिनं दारात उभं राहणं सोडलं. मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटता वाटताच डोळा लागायचा.

पक्षीवाले काका माझं जुनं गिऱ्हाईक. निवृत्त माणूस, हातभर लेन्स, आणि पक्ष्यांपेक्षा पक्ष्यांच्या गप्पा जास्त. त्यांनी एकदा चुकून आपलं कार्ड फॉरमॅट केलं, मग पुसलेले फोटो परत काढणारा प्रोग्राम कुठून तरी मिळवला आणि त्यावर चालवला. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप बगलेत मारून हजर.

"बगळे शोधायला गेलो तर तू सापडलास," ते म्हणाले. "चाळीस वेळा."

मी ओशाळलो. झटपट फॉरमॅटची हकिगत कबूल केली. काका हसले, किल्लीवालाही हसला. काकांनी त्यातला एक व्हिडिओ लावून लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. मी खुर्चीत बसलोय, आशेनं भुयाराच्या तोंडाकडे बघतोय. नवव्या मिनिटाला मी उठलो. शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि काउंटरच्या कडेनं चौकटीबाहेर गेलो. उरलेली दोन मिनिटं नुसती खुर्ची.

मूळ व्हिडिओत मी उठत नाही. ती फाइल काकांकडून घेतली आणि माझ्या संगणकावरच्या मूळ फाइलशी ताडली. संगणकाचं उत्तर, दोन्ही तंतोतंत सारख्या. मूळ लावली, मी अकरा मिनिटं बसूनच. काकांची लावली, नवव्या मिनिटाला उठून चालता झालो. तीनदा करून बघितलं. मग शेजारी जाऊन डोळे तपासून घेतले. नंबर वाढलेला नव्हता.

काका मात्र दुसऱ्याच नादात होते. निघता निघता म्हणाले, परवा टेकडीवर स्टँड वाहून दिलास त्याचे आभार मानायचे राहिले. मी म्हटलं, काका, मी कुठल्या टेकडीवर? त्यांनी कॅमेऱ्यातला फोटो मोठा करून दाखवला. पुढे फांदीवर पक्षी, मागे धुरकट चढण, चढणीवर निळ्या चौकड्यांचा शर्ट आणि खांद्यावर तीन पायांचा स्टँड. चेहरा नीट दिसत नव्हता. चाल दिसत होती. ती माझी होती, नऊ वर्षांपूर्वीची.

"बोलला नाहीस फारसा," काका म्हणाले. "पण एकदाही टेकला नाहीस हो."

परवा मी दिवसभर दुकानात होतो, याला किल्लीवाला साक्षीदार आहे. काकांचं वय झालं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. संध्याकाळी घरी शर्ट काढला तेव्हा बायकोनं विचारलं, खांद्याला काय झालं? आरशात बघितलं. पट्टा रुतल्यासारखा जांभळा वळ होता, परवापासूनचा असावा.

कुणाला सांगणार, आणि काय? त्या दिवसापासून मात्र गिऱ्हाईक नुसतं ओळखीचं हसलं तरी मी पाकिटं लावायच्या निमित्तानं फळीकडे वळायचो.

आठवड्यानं शिवणकाम करणाऱ्या ताई आल्या. वरच्या रस्त्याला त्यांचं एका मशीनचं दुकान आहे, आणि दुकानामागच्या खोलीत त्यांचे मिस्टर तीन वर्षं अंथरुणाला खिळून. ताईंनी फोन नवीन घेतला होता, जुन्यातलं कार्ड नव्यात घालून हवं होतं. मी कार्ड वाचून बघितलं. एकशे अठ्ठावीसचं, आत पस्तीस फोटो. गळ्यांचे नमुने, बाह्यांचे नमुने, आणि शेवटी तीन फोटो त्या मागच्या खोलीतले.

त्या फोटोंत मी होतो. मिस्टरांच्या खांद्याखाली दोन्ही हात घालून त्यांना कुशीवर वळवत होतो. बाह्या दुमडलेल्या.

हे कोण, असं मी विचारलं. मी चेष्टा करतोय असं ताईंना वाटलं.

"तुम्हीच की, दादा," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू सगळं सांगितलं. मिस्टरांचा देह जड. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीची कातडी जाते. एकटीच्या हातानं ते होत नाही, आणि माणूस ठेवणं झेपत नाही. हे कार्ड फोनमध्ये घातलं त्या आठवड्यापासून मी यायला लागलो. दारात उभा राहायचो, बाह्या दुमडायचो, वळवून द्यायचो आणि जायचो. पाणीसुद्धा घेतलं नाही कधी. काही माणसांना केलेलं बोलून दाखवलेलं आवडत नाही, म्हणून त्यांनी दुकानात कधी विषय काढला नव्हता.

फोटोंवरच्या वेळा बघितल्या. अकरा, एक, तीन. एकाच दिवशीच्या. मी आपले तळहात उलटे करून काउंटरवर ठेवले आणि ताईंना म्हटलं, थोडा वेळ लागेल, कार्ड खराब झालंय.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही, संताप आला. इतकी वर्षं मी रक्त तपासून घेत होतो. लोक घेतात मोठी कार्डं आणि ठेवतात चाळीस फोटो. ज्यांनी गाण्यांनी, सिनेमांनी कार्ड भरलं त्यांच्याकडचा मी केव्हाच पुसला गेलो असणार. पण ज्यांनी भरलं नाही, त्यांच्या त्या मोकळ्या जागेत मी तसाच होतो, तेहतीस वर्षांचा, कुणीतरी हाक मारण्याची वाट बघत. किती घरांत, किती वेळा, याचा अंदाज बांधायला घेतला आणि सोडून दिला.

ताईंचे फोटो मी एका लहान कार्डावर उतरवून दिले. जुनं कार्ड मशीनला लावलं आणि या वेळी झटपट नाही, पूर्ण पुसलं. दीड तास लागला. संपलं तेव्हा कुणीतरी पाठीवरून पोतं उतरवल्यासारखं वाटलं. मी उठून उभा राहिलो. किल्लीवाल्यानं वर बघितलं, कारण नऊ वर्षांत मी दुपारी कधी उठलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर पाटी लावली. जुनं मोठं कार्ड आणा, नवं लहान घेऊन जा, फोटो आम्ही उतरवून देऊ. बायको म्हणाली, डोकं फिरलंय का? तिला म्हटलं, महिनाभर थांब. लोक आले. फुकट म्हटल्यावर येणारच. काकाही आले. मी एका वेळी चार-चार कार्डं पुसत होतो आणि रोज संध्याकाळी थोडा अधिक सरळ चालत घरी जात होतो.

तिसऱ्या आठवड्यात मी सायकलीची हवा भरली. लेक दारातून बघत होती, विश्वास न ठेवता. मैदानावर दोन चकरा मी सीट धरून तिच्या मागे पळलो. "धरलंयस ना?" ती दर दहा पावलांनी विचारायची. धरलंय, धरलंय, मी म्हणायचो. धाप लागली, ती अगदी साधी, माणसाला लागते तशी धाप. इतका आनंद मला तिच्या जन्मानंतर झाला नव्हता. अजून हात सोडायचा होता. तो शनिवारी सोडू, असं आमचं ठरलं.

शनिवारी तिला अर्धी शाळा. ती दुकानात येऊन काउंटरच्या आत बसली होती. दुपारी मी लवकर बंद करणार होतो.

तेवढ्यात ताई आल्या.

त्यांचा चेहरा उतरला होता. उजवा हात मनगटापासून बांधलेला. कार्डाबद्दल काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही येत नाही आता."

मी काउंटरवरची पाकिटं बाजूला सारली.

"पाठीला जखम झालीय त्यांच्या. मुठीएवढी. मी वळवते, पण पुरं वळत नाही."

मी म्हटलं, ताई, मी आज येतो. आत्ता येतो.

"आज याल," त्या म्हणाल्या. "दोन तासांनी परत? आणि पहाटे?"

त्यांच्या आवाजात दोष देणं नव्हतं. तसं असतं तर मी दोन शब्द बोललो असतो. त्यांनी काचेतल्या पाकिटांवरून नजर फिरवली आणि पाचशे बारावर बोट ठेवलं.

"हे द्या. जुनं मोठं, जवळपास रिकामं होतं तोवर तुम्ही येत होतात. यात मी काही ठेवणार नाही. एक फोटोसुद्धा नाही."

लेक माझ्याकडे बघत होती. मला नाही म्हणता आलं नाही. तुम्हाला आलं असतं का, मला माहीत नाही. मुठीएवढी जखम, असं त्यांनी पुन्हा म्हटलंही नव्हतं.

एखादीच फाइल टाकून भागलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण कार्ड काठोकाठ भरल्याशिवाय, परत वाचून बघितल्याशिवाय मी देत नाही. उद्या हे खोटं निघालं तर? त्या घरात खोटं कार्ड कसं देणार? मी पाचशे बारा मशीनला लावलं आणि भरायला सुरुवात केली.

तीनशेच्या वर फाइली. दुपार त्यात गेली.

शंभरपर्यंत मी उभा होतो. मग खुर्ची ओढून घेतली. दोनशेला लेकीनं विचारलं, मैदानावर कधी जायचं? मी काहीतरी उत्तर दिलं. तीनशेला डोकं काउंटरवर टेकलं. ताईंनी मला पाण्याचं भांडं दिलं आणि म्हणाल्या, तुम्ही बसा दादा, मला घाई नाही. मग सगळं परत वाचलं. जुळलं. कार्ड खरं होतं. फॉरमॅट मारलं, दोन सेकंदांत.

त्या कार्ड पदराच्या गाठीत बांधून गेल्या. दुकान लेकीनं बंद केलं. कुलूप मी लावलं, तिनं किल्ली फिरवली.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. मी बिछान्याच्या कडेला बसलो आणि बुटाची नाडी सोडायला वाकलो, ते उठता येईना. लेक आपला टॅबलेट घेऊन आली आणि जवळ बसली.

"बाबा, यात कार्ड बसतं?"

बसतं, म्हटलं.

"मग मला एक दे ना. मोठं नको. सगळ्यात लहान."

नऊ वर्षांत हे मला कुणी म्हणालं नव्हतं. लहान कशाला, मी विचारलं.

"मला एकच बाबा हवाय," ती म्हणाली.

बायको दारात उभी होती. दुकानात घडलेलं लेकीनं तिला आधीच सांगितलं होतं. तिनं ऐकलं. ती आता काहीतरी बोलेल, रागावेल, निदान विचारेल, म्हणून मी वाट बघितली. तिनं माझी पिशवी आणली आणि लॅपटॉप काढून माझ्या मांडीवर ठेवला.

पिशवीत सोळाचं कार्ड होतं, आणि लॅपटॉपवर त्या व्हिडिओची प्रत. मी ते भरलं नाही. परत वाचून बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा एकच फाइल टाकली, फॉरमॅट मारलं आणि न तपासलेलं कार्ड लेकीच्या हातात दिलं. तिनं ते नखानं आत ढकललं. टक् झालं. ती पळत बाहेर गेली.

"तू पड जरा," बायको म्हणाली. तिनं माझे बूट काढले, अंगावर पांघरूण घातलं. कपाळावरून हात फिरवला, कितीतरी दिवसांनी.

खाली चाकांचा आवाज आला. त्यामागे पळणाऱ्या पावलांचा.

"बाबा, सोड आता," लेक ओरडत होती. "सोड. येतंय मला."

बायको खिडकीशी गेली. खाली बघून तिनं हात हलवला, आणि मग मला झोप लागावी म्हणून खिडकी हळूच ओढून घेतली.